यादीत नसलेला रकाना

गेल्या शनिवारी जुना लॅपटॉप विकायला काढला. विकण्याआधी डिस्क पुसायची आणि पुसण्याआधी आत काय आहे ते एकदा बघायचं, एवढं शहाणपण आमच्या धंद्याने शिकवलंय. बघता बघता एक फाइल सापडली. नाव होतं 'मदत यादी अंतिम ३'. (ज्याने ऑफिसात कधी एक्सेल वापरलंय त्याला 'अंतिम ३' म्हणजे काय ते सांगायला नको.) तारीख एप्रिल २०२० ची. मग काय, लॅपटॉप राहिला बाजूला आणि अख्खी दुपार त्या फाइलमध्ये गेली.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पुण्यात नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं. शिमग्याला चार दिवस म्हणून मालवणकडे गावी आलो, कंपनीने 'आता घरूनच काम करा' असा मेल टाकला आणि २४ मार्चच्या रात्री सगळंच बंद झालं. गावात ग्राम कृती दल झालं. सरपंच अध्यक्ष, मग पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेतले गुरुजी वगैरे. मला कोणी नेमलं नव्हतं. पण 'तो कंप्युटरवालो घरातच बसलोहा मां, तेका सांगा' असं झालं आणि कोणाला काय मदत पोचवायची त्याची यादी माझ्या गळ्यात पडली. मीही खूश. नऊ रकाने केले. कुटुंबप्रमुख, वाडी, घरातली माणसं, साठीच्या वरची किती, गरोदर कोणी आहे का, पाच वर्षांखालची किती, रेशनकार्डाचा रंग, मुंबईहून कोण आलंय, ताप-खोकला. फिल्टर लावले, रंग भरले. जास्त अडचणीतलं घर आपोआप लाल व्हायचं. सरपंचांना यादी एवढी आवडली की त्यांनी ती शेजारच्या गावालाही पाठवली.

आता त्या नऊ रकान्यांकडे बघताना दिसतं, की बारा ते अठरा वर्षांची मुलं त्यात कुठेच नाहीत. पाचच्या खालची आहेत, साठच्या वरची आहेत. मधली सगळी 'घरातली माणसं' या एका आकड्यात गेली. चौदा वर्षांची मुलगी आणि चाळिशीचा खलाशी माझ्या यादीत सारखेच. या वयाच्या मुलांमुळे कुठलंच घर कधी लाल झालं नाही.

हे मला तेव्हाच सांगणारं एक माणूस होतं. मे महिन्यात चाकरमानी यायला लागले. खारेपाटणला तपासणी नाका, तिथे नोंद, हातावर शिक्का, आणि गावात आल्यावर चौदा दिवस शाळेत. आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात एक कुटुंब उतरलं. आई-वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि तिची धाकटी बहीण. वडील केटरिंगच्या कामात, म्हणजे लग्नं बंद तर काम बंद. खोलीचं भाडं थकलेलं. माझ्या यादीप्रमाणे त्यांना सामान पोचलं. तांदूळ, तूरडाळ, तेल, कांदे-बटाटे, साबण. मी फाइलमध्ये बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई आमच्या खळ्यात उभ्या. (नात्याने माझी लांबची काकी. गावात आशाताई ही कोणाची तरी काकी नाहीतर मामी असतेच.)

"काय रे, तुझ्या यादीत चेडवांचा काय असा?"

मला कळेना. मग तिनेच सरळ सांगितलं. पॅड. शाळेचा संडास इमारतीच्या मागे, तिथे दिवा नाही, पाणी बादलीने न्यायचं आणि सकाळी नळापाशी गावातले चार बाप्ये गप्पा मारत उभे. जायला लागू नये म्हणून ती मोठी मुलगी दोन दिवस पाणीच कमी पीत होती. हे काकीला कळलं, कारण ती खिडकीबाहेर उभी राहून अर्धा तास तिच्याशी बोलली होती. माझ्या फाइलला हे कळायचा काही मार्गच नव्हता.

सामान त्याच दुपारी गेलं. पण त्या मुलीचं खरं दुखणं ते नव्हतंच. शाळेसमोरच्या रस्त्यावरून गावातली पोरं सायकलवरून 'कोरोना इलो, कोरोना इलो' ओरडत जायची. तिची सख्खी आत्या फाटकाशी डबा ठेवून मागे न बघता वळायची. चौदा दिवस संपले, घरी गेली, तरी बावीवर ती आली की बाकीच्या बायका कळशा उचलून बाजूला. आणि यात माझाही हातभार होता. कोण कुठून आलंय, कुठल्या वाडीत आहे, असं सगळं नावानिशी असलेली माझी यादी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीच टाकली होती. पारदर्शकता हवी म्हणून! ऑफिसात ग्राहकाचा एक फोन नंबर जरी चुकून लॉगमध्ये गेला तरी आमच्यावर चौकशी बसते. गावातल्या माणसांची माहिती म्हटल्यावर ती अक्कल कुठे गेली होती कोण जाणे.

गाव दुष्ट होतं असं मला म्हणायचं नाही. भीती खरी होती. घराघरात म्हातारी माणसं. जिल्हा रुग्णालय ओरोसला, त्याहून मोठं काही झालं तर आपण नेहमी बांबोळीला पळतो आणि गोव्याची हद्द तर बंद. गणपती २२ ऑगस्टला होते. सरकारने चाकरमान्यांसाठी दहा दिवसांचं विलगीकरण ठरवलं तर गावागावांतून चौदाच हवेत असा आग्रह. हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा काही महिन्यांत जवळजवळ अर्धं शहर रिकामं झालं होतं आणि आपले गिरणीकामगारही गावाकडेच पळाले होते. मुंबई आजारी पडली की कोकणाने दार उघडायचं की लावायचं, हा जुनाच पेच आहे. मोठी माणसं त्यावर भांडली, दोन वर्षांत विसरलीही. आता तीच आत्या चतुर्थीला त्या कुटुंबाला मोदकांचं जेवण घालते.

ती मुलगी मात्र विसरलेली नाही. आता कॉलेज संपवून मुंबईत नोकरीला लागली आहे. मागच्या वर्षी भेटली तेव्हा इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मध्येच म्हणाली, "दादा, मला कोरोना झालाच नव्हता." एवढंच. मी काही विचारलं नव्हतं.

आता दुसऱ्या मुलाबद्दल. हा आमच्याच वाडीतला, २०२०-२१ मध्ये दहावीला. बापाने कर्ज काढून घरामागे न्याहारी-निवासाच्या दोन खोल्या बांधलेल्या आणि एका स्कूबावाल्याच्या होडीत भागी. मालवणची किनारपट्टी आता मासळीइतकीच पर्यटनावर जगते, हे वेगळं सांगायला नको. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ मध्ये, त्यानंतर वाढलेली ही पहिलीच पिढी. त्यात एप्रिल-मे म्हणजे वर्षाची कमाई. २०२० चा तो सीझन पुरता बुडाला. मासेमारीला एप्रिलमध्येच सूट मिळाली होती, पण मासळी घेणार कोण? हॉटेलं बंद, बर्फ नाही, ट्रक नाहीत. मग १ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदी, ती दरवर्षीचीच. म्हणजे मार्चपासून ऑगस्टपर्यंत घरात पैसा नाही आणि हप्ता उभाच.

शाळा बंद, पण शिक्षण सुरू, अशी सरकारी मोहीम होती. नाव छान होतं. आमच्या वाडीत रेंज येते ती वर सड्यावर. पावसात छत्री धरून पोरं सड्यावर बसायची. त्या वर्षी कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीची बातमी सगळीकडे गाजली होती. डोंगरावर झोपडी उभारून ती तिथे ऑनलाइन अभ्यास करायची. सगळ्यांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. मीही फॉरवर्ड केलं. रेंजसाठी मुलीला डोंगरावर झोपडी बांधावी लागते ही लाजेची गोष्ट आहे की कौतुकाची, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मी आणि ऑफिसातल्या मित्रांनी मिळून चौदा जुने फोन गोळा केले आणि गावातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना दिले. फोटो काढले, कंपनीच्या अंतर्गत पत्रिकेत छापून आले, मॅनेजरने पाठ थोपटली. दिवाळीत हिशोब घेतला तर चौदापैकी सहा फोन मुलांच्या हातात अभ्यासासाठी होते. दोन बिघडले, तीन मोठ्या भावांकडे गेले, दोनांवर नुसते खेळ. आणि एक विकला. विकणारा म्हणजे याच मुलाचा बाप. मी चिडलो. तरातरा त्यांच्या घरी गेलो. तो माणूस पडवीत बसला होता, मान वर न करता म्हणाला, "हप्तो भरलंय तेच्यातसून." मी आलो तसा परत आलो. पोरगा दारातच उभा होता, त्याने सगळं ऐकलं. माझी मदत, बापाची लाज आणि त्याचा अभ्यास अशी तीन गाठोडी एकदम त्याच्या डोक्यावर पडली. पडवीतलं ते दृश्य मला अजून आठवतं आणि दर वेळी वाटतं, निदान आवाज तरी खाली ठेवायला हवा होता.

माझं मत तिथून बदलायला लागलं. मुलांचं मन हा वेगळा कप्पा, त्याला वेगळा तज्ज्ञ, वेगळी योजना, आणि घरचा पैसा हा वेगळा कप्पा, असं आपण धरून चालतो. त्या पोराच्या बाबतीत हे दोन कप्पे वेगळे नव्हतेच. त्याला झोप लागत नव्हती कारण रात्री आई-बाप कुजबुजत भांडायचे, आणि ते भांडायचे हप्त्यावरून. त्या वर्षी सरकारने काहीच केलं नाही असं नाही. दोन्ही पालक कोरोनाने गेले त्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये पाच लाखांची ठेव जाहीर केली, केंद्राची दहा लाखांची योजना आली, बालसंगोपनाची जुनी योजना होतीच. ते योग्यच झालं. पण ज्याचा बाप जिवंत आहे, फक्त पडवीत मान खाली घालून बसलाय, त्या पोराचं नाव कुठल्या अर्जात लिहायचं?

तो शांत होत गेला. आधी क्रिकेट सोडलं. मग रापणीवर जायला लागला. ओढायला हात लावला की वाटा मिळतो, तेवढीच घरात कालवणाची सोय. घरचे म्हणायचे, शहाणा झाला. मलाही तसंच वाटलं. ऑक्टोबरमध्ये त्याची आई देवळात गाऱ्हाणं घालून आली, 'बाहेरचा कायतरी लागला हा' म्हणून. पुण्याला असतो तर मी यावर टर उडवणारं काहीतरी लिहिलं असतं. आता वाटतं, की या पोराला काहीतरी होतंय हे चार माणसांत मोठ्याने बोललं गेलं ते फक्त त्या गाऱ्हाण्यात. बाकी आम्ही सगळे शिकले-सवरलेले 'वयच असतं असं' म्हणत होतो. तिची चूक एवढीच, की गाऱ्हाण्यावर ती थांबली. आणि तिला पुढचं दार कुठलं ते सांगणारं कोणी नव्हतं. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतात. आमच्या वाडीतल्या एकाही मुलाने हे नाव ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

त्याला धरून ठेवलं ते त्याच्या वर्गशिक्षकांनी. सर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. उन्हाळ्यात खारेपाटणच्या नाक्यावर रात्रीची ड्युटी करून आलेले, शुगर असलेले. जून महिन्यापासून दर शनिवारी ते मोटरसायकल काढायचे आणि आपल्या वर्गातल्या एकतीस मुलांच्या घरी जायचे. एका शनिवारी सगळी व्हायची नाहीत, मग दोन शनिवारांत वाटून घेतलेली. शर्टाच्या खिशात छोटी डायरी. पडवीच्या बाहेरच उभे राहायचे, अभ्यासाचं शेवटी विचारायचे. आधी तीन प्रश्न. जेवलास काय? झोप लागली काय? या आठवड्यात कोणाशी बोललास? उत्तराप्रमाणे डायरीत नावापुढे टिंब किंवा फुली. मानसिक आरोग्य हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नाही.

आमच्या कामात याला हेल्थ चेक म्हणतात. सर्व्हर बंद पडायला लागला की तो फोन करून 'मला बरं वाटत नाही' असं सांगत नाही. म्हणून आपणच दर तीस सेकंदांनी त्याला विचारतो, आहेस ना? दोनदा उत्तर नाही आलं की माणूस उठून बघायला जातो. ही साधी गोष्ट मी रोज पगार घेऊन करत होतो आणि गावातल्या पोरांसाठी मात्र 'काही लागलं तर मला फोन करा' असं सांगून मोकळा झालो होतो. एकानेही केला नाही. करणार कसा? युनिसेफने २०२१ मध्ये एकवीस देशांतल्या पंधरा ते चोवीस वयाच्या मुलांची पाहणी छापली. मनाचा त्रास असेल तर कोणाची तरी मदत घेणं चांगलं, असं म्हणणारी मुलं बहुतेक देशांत बहुसंख्य. भारतात फक्त ४१ टक्के. एकवीस देशांत असा आपण एकटेच.

सरांच्या डायरीत या मुलाच्या नावापुढे सलग तीन फुल्या आल्या. जानेवारी २०२१ ची गोष्ट. शाळा नोव्हेंबरमध्ये नववी-दहावीसाठी उघडली होती, पण तो येत नव्हता. तिसऱ्या फुलीला सर पडवीबाहेरून परत फिरले नाहीत, त्याला घेऊन किनाऱ्यावर गेले. तो म्हणाला, "मी नसलंय तरी काय अडाचा नाय." सरांनी त्याला सरळ विचारलं, मरायचे विचार येतात काय? असं विचारलं तर नसलेला विचार मनात भरेल अशी आपल्याकडे भीती असते. ती खोटी आहे, विचारल्याने माणूस मोकळा होतो, हे डॉक्टर मंडळी कधीपासून सांगतायत. तो बराच वेळ रडला. सरांनी त्याच्या आईला सांगितलं, आशाताईला बोलावलं, त्या रात्री त्याला एकटं ठेवलं नाही आणि सकाळी ओरोसला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. आईने विचारलं, देवाक विचारून नेव काय? सर म्हणाले, "देवाक मी सांगतंय, तू गाडयेत बस."

गोळ्या लागल्या, बोलणं लागलं, वेळ लागला. सरळ रेषेत काही बरं झालं नाही. त्याच मार्चमध्ये आंगणेवाडीची जत्रा आली, तीही बाहेरच्या माणसांसाठी बंद. आमच्याकडे पोरं वर्षभर जिची वाट बघतात ती एक रात्रसुद्धा गेली.

मग १६ मे २०२१ ला तौक्ते आलं. मालवण-देवगडला ज्यांनी ती रात्र काढली त्यांना वर्णन नको. माड आडवे, घरांचे नळे-पत्रे उडालेले, विजेचे खांब वाकलेले. आमच्या वाडीत वीज दहाव्या दिवशी आली. आणि गंमत बघा (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही), त्या दहा दिवसांत तो पोरगा मला वर्षभरात पहिल्यांदा माणसात दिसला. पहाटे उठून कोयता घेऊन बाहेर. हिच्या घरावर नळे चढव, त्याच्या दारातला माड तोड. दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण, कोणाच्या तरी खळ्यात. वादळाने त्याच्या घरच्या दोन खोल्यांचे पत्रे नेले होते, म्हणजे परिस्थिती आधीपेक्षा वाईटच. पण या संकटात त्याची कोणाला तरी गरज होती. आधीच्या संकटात त्याला एवढंच सांगितलं होतं, की घरात बस आणि कोणाच्या जवळ जाऊ नको. महामारीत अंतर ठेवणं भाग होतं, ते मी नाकारत नाही. पण आम्ही अंतर ठेवताना कामंही काढून घेतली. पंधरा-सोळा वर्षांच्या धडधाकट पोरांना म्हाताऱ्यांची औषधं पोचवणं, शाळेतल्या लोकांचं पाणी भरून फाटकाशी ठेवणं, लहानग्यांना अंगणात शिकवणं असं कितीतरी देता आलं असतं. माझ्या यादीत 'मदत घेणारे' होते. 'मदत करू शकणारे' हाही रकाना नव्हता.

जुलैत दहावीचा निकाल लागला. त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर गुण. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, आपल्या कोकण विभागाचा शंभर टक्के. १६ जुलैला निकालाची साइट काही तास कोसळलेली होती. (बहुतेक सगळे पास आहेत हे माहीत असूनही कोसळली, यावर आम्ही ऑफिसात पुष्कळ हसलो.) कोकण पहिला, नेहमीसारखाच. पेढे वाटले. त्या मुलाने निकाल बघितला नाही. "पास तर सगळेच होतले," म्हणाला. त्याच २०२१ सालचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा नंतर वाचला. देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यात महाराष्ट्रातले १,८३४, सर्व राज्यांत जास्त. यात शाळेपासून कॉलेजपर्यंतचे सगळे येतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असणार, त्यामुळे यावरून एकदम निष्कर्ष काढू नये. पण परीक्षेचा ताण कमी केला की पोरं सुखी, हे जे आपण दर फेब्रुवारीत बोलतो ते किती अपुरं आहे एवढं तरी कळतं. नापास होणंच जवळजवळ रद्द झालं होतं ना त्या वर्षी!

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत ७.३ टक्क्यांना काही ना काही मानसिक आजार आढळला होता. म्हणजे सरांच्या एकतीस मुलांत साधारण दोन, आणि तेही महामारीच्या आधी. दोन मुलं शोधायला एकतीस घरं फिरावी लागतात. त्याला शॉर्टकट नाही. आमच्या क्षेत्रातले लोक यावर लगेच अ‍ॅप काढतात. मीही एकदा आराखडा केला होता, फाइल त्याच लॅपटॉपवर आहे. अ‍ॅप काय किंवा हेल्पलाइन काय, दोन्ही त्या पोराने आधी हात वर करण्याची वाट बघतात. हेल्पलाइन हवीच. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' सुरू आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. पण सड्यावर चढल्याशिवाय रेंज नसलेल्या वाडीतला, स्वतःचा फोन नसलेला पोरगा तो लावेल यावर विसंबू नका.

केरळात जुलै २०२० मध्ये पोलिसांनी 'चिरी' नावाचा उपक्रम सुरू केला. चिरी म्हणजे हसू. लॉकडाऊन लागल्यापासून ६६ मुलांनी आत्महत्या केल्याचं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं त्याच सुमाराला. मला त्यातलं आवडलं ते असं, की स्टुडंट पोलीस कॅडेट म्हणजे शाळेतलीच प्रशिक्षण दिलेली मुलं दुसऱ्या मुलांना फोन करायची. विचारणारा माणूस आपणहून येतो, ही सरांचीच पद्धत. फक्त एका सरांच्या पेट्रोलवर आणि तब्येतीवर न सोडता.

कारण तिथेच घोडं अडतं. सरांना कोणी पेट्रोलचे पैसे दिले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत. आशाताईंचं तर विचारूच नका. घरोघर ताप मोजणं, ऑक्सिजन मोजणं, शिव्या खाणं, वर लसीकरण. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशांना त्यासाठी संप करावा लागला. आठवड्याने मिटला, महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता. आपल्याला चांगली माणसं फार आवडतात, कारण ती स्वस्त पडतात.

तो मुलगा आज बरा आहे. अकरावीला गेला नाही, ते गेलंच. दोन सीझन मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून काढले, आता पर्यटकांना स्कूबाला नेणाऱ्या होडीवर असतो. पाण्याखाली माणूस घाबरला तर काय करायचं, हे तो फार शांतपणे समजावतो. गोळ्या बंद होऊन दोनेक वर्षं झाली. सर निवृत्त झाले.

यंदा मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा ग्रामपंचायतीत आपत्ती आराखड्याचा विषय निघाला. वादळ दर दोन-तीन वर्षांनी येणारच, आणि साथ काय सांगून येते? कागदावर घरांची यादी होती, माझ्याच जुन्या फाइलच्या वळणाची. मी म्हटलं, यात दोन रकाने वाढवूया. बारा ते अठरा वयाची मुलं, आणि प्रत्येकापुढे एका मोठ्या माणसाचं नाव, जो आठवड्यातून एकदा जाऊन तीन प्रश्न विचारेल. आणि ही यादी ग्रुपवर टाकायची नाही, दोघांतिघांकडेच राहील.

सरपंच म्हणाले, "रकानो वाढवतंय रे, पण भरतलो कोण?"

कोपऱ्यात आशाताई रजिस्टर लिहीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भरूक काय, मी भरतंय. पैशे कोण देतलो ता इचार."